रुईची सवत

आमच्या आजीला एक सवत होती. रुळाच्या कडेला, गिट्टी संपते तिथे ती उभी असायची. भर वैशाखातही हिरवीगार, पान खुडलं की पांढरा चीक गाळणारी. रुईचं झाड. वाशीमचा बाजार करून पॅसेंजरनं परतलो की आजी डोक्यावरची पिशवी सावरत तिकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "हे पाय, तुही थोरली आजी. मी धाकली." आम्ही पोरं खिदळायचो. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागायची, तेव्हा आजी सगळ्या बांधांवरून पानं आणायची, पण त्या झाडाचं एकही पान तोडू द्यायची नाही.

या थट्टेमागची गोष्ट मला एका दमात कोणी सांगितली नाही. थोडी आजीनं सांगितली, थोडी आत्यानं, थोडी आजोबांबरोबर रेल्वेच्या गँगमध्ये काम केलेल्या एका म्हाताऱ्यानं. बाबांनी सर्वांत कमी सांगितली आणि सर्वांत उशिरा.

आमचं गाव जऊळका, तालुका मालेगाव. या भागात जऊळका नावाची गावं आणखीही आहेत, म्हणून सरकारी दफ्तरात आमच्या गावाच्या नावापुढे 'रेल्वे' लागलं आणि ते 'जऊळका रेल्वे' झालं. जिल्हा कोणता, याचं उत्तर मात्र कोणाला विचारता त्यावर होतं. इंग्रजी अमलात वाशीम हा वेगळा जिल्हा होता. १९०५मध्ये तो मोडून अकोल्यात घातला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा केला. नवा जिल्हा झाल्याची बातमी रेडिओवर लागली तेव्हा आजी तुरीची डाळ निवडत होती. म्हणाली, "त्र्याण्णव वर्षांनी नांदाले आली म्हना वाशीम." हिशेब तिनं कसा केला कोण जाणे.

रेल्वे येण्याआधीचं जऊळका तिच्या आठवणीत होतं. निजामाच्या राज्यातली छोटी लाईन पूर्ण्याहून हिंगोलीपर्यंत येऊन थांबलेली होती. तिकडे अकोल्यावरून मुंबई-नागपूरची मोठी लाईन जायची. मधल्या माळरानावर बैलगाडीशिवाय काही नव्हतं. स्वातंत्र्यानंतर हा तुकडा जोडायचं काम निघालं आणि अकोल्याच्या पुढे ते खंडव्यापर्यंत गेलं. त्या एक मीटर रुंदीच्या रुळांवरून मग हैदराबादकडचा माणूस गाडीचं माप न बदलता थेट राजस्थानात पोहोचू लागला. मीनाक्षी एक्स्प्रेस याच वाटेनं धावायची. ही लाईन टाकायला हजारो टोपल्या माती लागली आणि ती आमच्या गावच्या माणसांनी वाहिली. टोपली टाकणाऱ्यांत आजीचा नवरा होता. आजी तेव्हा अठराएक वर्षांची, बाबा अंगावर पिणारे. साल १९५८.

तो का गेला, याच्या तीन गोष्टी आहेत. गँगमधला म्हातारा म्हणायचा, वाण्याची उधारी अंगावर आली म्हणून. आत्यानं ऐकलेलं, बापाशी तीन एकरांवरून भांडण झालं म्हणून. आजीची गोष्ट सर्वांत लहान होती. "मातीच्या कामावर गेला आन् मातीसंगंच पुढं गेला." ठेकेदाराची टोळी जसजशी उत्तरेकडे सरकली, तसतसे त्याचे फेरे लांबले. आधी शनिवारचे शनिवार, मग अमावास्येला, मग पोळ्याला. पुढच्या पोळ्याला बैल सजले, तोरण तुटलं आणि तो आलाच नाही. खंडव्याकडे कोणीतरी त्याला एका बाईबरोबर पाहिलं, अशी बातमी बाजारातून आली. बातमी आणणाऱ्याला सासऱ्यानं चहा पाजला आणि पुन्हा ओसरीवर बसू दिलं नाही.

भाषेची एक गंमत मला फार उशिरा लक्षात आली. गाव सोडून गेलेल्या माणसासाठी आपल्याकडे जुना दफ्तरी शब्द आहे, परागंदा. फारसीतून आलेला. सारा थकवून पळालेल्या कुळासाठीही तो वापरत. त्यात थोडी कीव आहे, थोडी धूळ आहे, दोष फारसा नाही. मागे राहिलेल्या बाईसाठी मात्र शब्दांची रास आहे: टाकलेली, सोडलेली, बसवलेली, घरी आलेली. गेला तो परागंदा, राहिली ती टाकलेली. टाकणाऱ्याला वेगळं नाव द्यायची गरज कोणाला वाटली नाही.

शेजारच्याच बुलढाण्यात राहून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं आणि बायकांना दोष देणाऱ्या पुरुषांना त्यांच्याच पदरातलं दाखवलं. आजीला ताराबाई ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण संक्रांतीच्या वाणाला गेल्यावर ओटी भरणाऱ्या बाईचा हात आपल्यापाशी येऊन क्षणभर कसा अडतो, हे ती करून दाखवायची. हात पुढे यायचा, थांबायचा, मग कुंकू लावायचा. "इधवा असती तं सरळ मांगं सरली असती. सवाशीन असती तं सरळ पुढं आली असती. तिले बिचारीले ठरवता येत नोहतं, मी काय हाय ते."

सात वर्षं ती सासरीच राहिली. माहेरी भावाच्या पदरी पडण्यापेक्षा सासऱ्याच्या शेतात निंदण बरं, असा तिचा हिशेब होता. सासरा कमी बोलणारा. मुलगा गेल्यावर त्यानं सुनेला एकदाही 'तुह्या नवऱ्यानं' असं म्हटलं नाही. 'माह्या पोरानं' म्हणायचा. आजीच्या मते त्या एका शब्दावर तिनं सात वर्षं काढली.

१९६५च्या सुमारास तो वाशीमला एका वकिलाकडे जाऊन आला. हिंदू विवाह कायदा दहा वर्षांपूर्वी झालेला होता. जोडीदार दोन वर्षं सोडून गेलेला असेल, तर कोर्टाकडून फक्त वेगळं राहण्याचा हुकूम मागता येई; थेट काडीमोड मागायचा, तर तो जिवंत असल्याची सात वर्षं खबर नसावी लागे. शिवाय जातीत काडीमोडाची जुनी चाल असेल, तर ती या कायद्यानं शाबूत ठेवली होती. पण जातीच्या पंचांचा शब्द कोर्टात कितपत चालेल, याचा भरवसा नसे. मुंबई हायकोर्टानं १८७६मध्येच एका खटल्यात सांगून टाकलं होतं की लग्न मोडायचा आणि बाईला दुसरा पाट लावून द्यायचा अधिकार जातीला नाही. पोटगी मागावी तर समन्स बजावायला माणूस सापडायला हवा. पुढे १९७३च्या फौजदारी संहितेत कलम १२५ आलं, तरी पोटगीला महिना पाचशे रुपयांची हद्द होती आणि ती २००१मध्ये निघाली. हा सगळा कायदा ज्याचा पत्ता माहीत आहे, त्याच्यासाठी होता.

सासरा परत आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, "सात वर्स झाले. कागदावर तो मेला समजा."

एवढं बोलून तो गोठ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही.

आता चावीवाला. आम्ही पुढे त्याला आबाजी म्हणालो, पण गावात तो शेवटपर्यंत चावीवालाच. हिंगोलीकडचा, जातीतलाच, पण परमुलखातला. तिशी उलटलेली, लग्न झालेलं नव्हतं. गँगमध्ये चावीवाल्याचं काम वेगळं असतं. बाकीची गँग एका जागी सब्बल-फावडी घेऊन राबते. चावीवाला एकटा चालतो. खांद्यावर घण, हातात पाना, काखेत लाल-हिरव्या झेंड्या. रोज सकाळी पाच-सहा किलोमीटरची हद्द पायी तपासायची. रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाडीच्या हादऱ्यानं ढिल्या होतात, त्या ठोकून बसवायच्या. घट्ट बसलेली चावी घणाखाली खणकन वाजते. ढिली बद् वाजते. "नजरेच्या आधी कानाला कळतं," असं तो म्हणायचा. आजीचं मले-तुले आणि त्याचं मला-तुला आमच्या घरात शेवटपर्यंत सुखानं शेजारी शेजारी नांदलं.

तो आमच्या घरी आला तो बाबांचा कान धरून. सात-आठ वर्षांचे बाबा रुळावर दगड मांडून गाडीची वाट बघत बसले होते. दगडाचा चुरा कसा होतो, ते त्यांना पाहायचं होतं. चावीवाल्यानं कान धरला, दारात आणून उभा केला आणि ओसरीला विचारलं, "याचा बाप कोण?"

कोणी बोललं नाही. आजी आतून तांब्या घेऊन आली. चावीवाला पाणी प्यायला, कान सोडला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आला, पाणी मागितलं आणि म्हणाला, "काल मी चुकीचं विचारलं." पुढे दीडएक वर्ष तो रोज पाणी मागत होता. तेवढंच. मधेच कधीतरी बाबांना रुळावर घेऊन जायचा, घण हातात द्यायचा आणि विचारायचा, "कोणती ढिली?"

मी कॉलेजात असताना आजीला धीर करून विचारलं, तुला तो आवडला कधी? ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "रोज येक मानूस येते, जे ढिलं झालं ते ठोकून जाते. कोनाले सांगत नाई, पैसे मांगत नाई. मी हिरीवर पानी शेंदत आयकत राहो. येक दिवस टोले आयकू आले नाई, तं मह्या हातातला दोर सुटला." त्या दिवशी तो तापानं पडला होता. विहिरीत पडलेली बादली गळ टाकून दोन दिवसांनी निघाली.

त्यानं स्वतः सासऱ्याला विचारलं, आणि विचारताना पोरगंही मागितलं. सासरा म्हणाला, बाई माझी लेक समजून देतो, पोरगं देत नाही. ते माझ्या घरचं बियाणं आहे. इथे गाडं अडलं. आजी महिनाभर नाही म्हणत होती. शेवटी सासऱ्यानं तलाठ्याकडे जाऊन तीन एकर नातवाच्या नावावर लावले, त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ती म्हणून आजीचं नाव घातलं आणि तो सातबारा तिच्या पुढ्यात ठेवला. म्हणाला, "पाट लागल्यावर गाव म्हनीन तुहा हक्क गेला. हे घे." आजीला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद जपून ठेवला. आज तो माझ्याकडे आहे.

पाट हे लग्न असून लग्न नव्हे, हे लहानपणी कळणं कठीण होतं. पहिलं लग्न एकदाच, हळदीचं, मांडवाचं, दिवसाउजेडीचं. पाट अंधाऱ्या पाखात, रात्रीचा, वाजंत्रीशिवाय. मराठेशाहीत तर पाट लावायला सरकारात पैसा भरावा लागे, पाटदाम नावाचा. आजीचा पाट कुटाराच्या खोलीत लागला. सवाष्णींनी तिचं तोंड पाहू नये म्हणून त्या आतच राहिल्या. नवं लुगडं, काळी पोत, चार बांगड्या. मागच्या दारानं नेली, ती उजाडायच्या आत रेल्वेच्या क्वार्टरात पोहोचवली.

आणि सवत? ती त्याच दिवशी सकाळी आली. चावीवाल्याचं हे पहिलंच लग्न आणि पहिलं लग्न पाटाच्या बाईशी लावत नाहीत. मग आधी त्याचं लग्न रुईशी लावायचं, म्हणजे बाईशी होतं ते दुसरं. लाईनीच्या कडेला एक झाड निवडलं, त्याला सूत गुंडाळलं, हळद लावली, पाच जणांनी अक्षता टाकल्या. जी हळद आजीला मिळाली नाही ती झाडाला मिळाली. सांगताना ती याच जागी सर्वांत जास्त हसायची. "दिवसा तिच्यासंगं लगन, रातच्याला मह्यासंगं. मंग सवत नाई तं काय?" पावसाळ्याआधी गँग लाईनीच्या कडेचं झुडूप साफ करायची, तेव्हा चावीवाला त्या झाडाभोवती उभा राहायचा. गँग थट्टा करायची, मुकादम काणाडोळा करायचा.

ही गोष्ट इथे संपली असती तर बाबांनी ती लवकर सांगितली असती.

बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. ठरल्याप्रमाणे ते आपल्या आजोबांच्या घरी निजायचे आणि दिवसा क्वार्टरात जेवायला जायचे. मध्ये अर्धा कोस. आईचा पाट लागला, त्या रात्री त्यांना कोणी उठवलं नाही. सकाळी उठले तेव्हा शेजारची वाकळ घडी घातलेली होती. वयाच्या साठीत, एका संध्याकाळी लाईट गेलेली असताना त्यांनी मला सांगितलं, "बापानं टाकलं तवा मले समजत नोहतं. मायनं टाकलं तवा समजत होतं."

मी म्हटलं, आजीनं टाकलं नव्हतं. ते म्हणाले, "आता मालूम हाय. तवा नोहतं."

तेव्हा काय होतं, तर सकाळी टोले होते. चावीवाल्याची हद्द गावामागून जायची. घराच्या सरळ रेषेत आला की तो थांबायचा आणि कोऱ्या रुळावर तीन टोले मारायचा. रोजच्या कामात ते नव्हते, चाव्या तिथून पुढे होत्या. ते टोले बाबांसाठी. ऐकले की बाबा उठायचे, रुळारुळानं त्याच्या मागे चालत क्वार्टरात जायचे आणि गरम भाकरीवर बसायचे. थंडीत, पावसात. "मी कधी त्याले बाबा म्हनलं नाई," बाबा म्हणाले. "पन तीन टोल्यावर उठलो नाई असा येक दिवस नाई."

१९७३चा उन्हाळा. दुष्काळ. लाल मिलोच्या भाकरी आणि सरकारी कामावर दगडफोड. बाबा सोळा वर्षांचे, खडीच्या कामावर दोन कोस लांब. दुपारच्या पॅसेंजरनं एक माणूस उतरला आणि स्टेशनबाहेरच्या लिंबाखाली बसून राहिला. आत्या पाच वर्षांची होती. तिला आठवतं ते एवढंच: पांढरी दाढी, पायांत चप्पल नाही, आई त्याच्यापुढे भाकरी ठेवते आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढते. मग झेंड्या काखेत घेऊन आपला बाप येतो, त्याच्या शेजारी बसतो, दोघं एकाच काडीवर विड्या पेटवतात.

आजीला विचारलं तर म्हणायची, "भाकर देल्ली. पानी देल्लं. आनखी काय माह्याजोळ त्याचं होतं?"

संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला. तिकीट चावीवाल्यानं काढलं. बाबा अंधार पडता पडता धावत स्टेशनवर आले, तेव्हा फक्त फलाट होता. माणसाला घाईनं गाडीत घातलं असा राग त्यांनी मनात धरला, तो पुढे पुष्कळ वर्षं पुरला. गँगमधला म्हातारा शपथेवर सांगायचा की चावीवाला म्हणत होता, पोराला भेटून जा, आणि तो माणूसच म्हणत होता, कोणत्या तोंडानं भेटू. बाबांनी एकदा सरळ विचारलं तर चावीवाल्यानं उत्तर दिलं, "दोन घंटे बसून राहिलो त्याच्यासंग. तू आला नाहीस." स्वतःची बाजू त्यानं याहून जास्त कधी मांडली नाही.

मार्च १९८८मध्ये संगमनेरला टाकलेल्या बायकांची पहिली मोठी परिषद भरली. निशा शिवूरकर आणि त्यांच्या समता आंदोलनातल्या सोबत्यांनी गावोगावच्या बायका एकत्र आणल्या आणि 'परित्यक्ता' हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. २०११च्या जनगणनेत देशभरात 'विभक्त' म्हणून नोंदल्या गेलेल्या बाया सुमारे २३ लाख होत्या. घटस्फोटित वेगळ्या. आजीनं कोणत्याही जनगणनेत काय सांगितलं असेल? १९६१ची शिरगणती झाली तेव्हा ती टाकलेली होती, पण कपाळावर कुंकू होतं. तिला बहुधा 'विवाहित' धरलं असणार.

चावीवाला १९९९च्या पावसाळ्यात गेला. त्याला मुलगा नव्हता, एक मुलगी. तिरडी बांधली तशी भाऊबंदांत कुजबुज झाली, आग कोण देणार, हा पोरगा तर दुसऱ्याचा. बाबांनी काही वाद घातला नाही. न्हाव्यापुढे जाऊन बसले आणि डोकं पुढे केलं.

शाळेच्या दाखल्यावर बाबांच्या नावापुढे परागंदा माणसाचं नाव आहे. ज्यानं उठवलं त्याचं नाही, जिनं भाकरी दिली तिचं नाही. माझ्याही कागदांवर बाबांचं नाव आहे, आईचं नाही. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लिहायचा नियम महाराष्ट्रात आला. त्यानंतर धाकट्या भावाला मुलगी झाली. दाखला आला तेव्हा बाबांनी चष्मा लावून तो दोनदा मोठ्यानं वाचला, मधल्या नावापाशी थांबले आणि घडी करून ठेवून दिला.

छोटी लाईन गेली ती २००८मध्ये. मोठे रूळ, काँक्रीटच्या स्लीपरा, त्यांना पोलादी क्लिपा. त्या जुन्या चाव्या आता राहिल्या नाहीत. भराव रुंद करायला यंत्र आलं, तेव्हा कडेचं सगळं झुडूप एका दुपारी निघालं. मी सुटीत आले होते. आजी तेव्हा अडुसष्ट वर्षांची, गुडघ्यांनी बसलेली. तरी काठी घेऊन लाईनीपर्यंत आली. यंत्राच्या मागे मातीत हिरवी पानं उलटी पडलेली होती आणि त्यांतून चीक गळत होता.

ती काही बोलली नाही. घरी आली, न्हाणीत गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता म्हणून मी डोकावले. आजी लुगड्यासकट दगडावर बसून डोक्यावरून पाणी घेत होती, घरातलं माणूस गेल्यावर घेतात तसं.